मधल्या घरचा फोन

पोलादपूरला आमच्या आळीत एक मुलगी राहते. मुंबईच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम ती घरूनच करते, पण तिचा जीव स्वतःच्या एका अ‍ॅपमध्ये आहे. मोबाइलचा टॉवर बंद असला तरी त्यातला मेसेज एका फोनवरून शेजारच्या फोनवर, तिथून पुढच्या फोनवर, असा जातो. ते तपासायला ती आळीभर फिरते आणि कुणाच्याही ओटीवर डोकावून विचारते, "पोचला का?" नमस्कार, बरं आहे ना, हे ती विसरूनच जाते.

गेल्या पावसाळ्यात टॉवर बंद पडला तेव्हा मी तिच्या घरी बसलो होतो. तिचा भाऊ वडिलांशी भांडून आळीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा राहतो. आई आतल्या खोलीतून त्याला याच अ‍ॅपवर काहीतरी लिहीत होती.

वडील मुलीला म्हणाले, "तुझ्याच फोनातून जातंय ना गो? काय लिवलंय ते वाच."

"जातंय, पण मला उघडता येत नाय, बाबा. मीच तसं केलंय."

"तुला पण नाय?"

"मला पण नाय."

ते चिडतील असं मला वाटलं. पण थोड्या वेळाने त्यांनी आपला फोन तिच्यापुढे सरकवला. "मग माझ्यात पण घालून दे."

तिने काही न विचारता अ‍ॅप घातलं आणि ती आत निघून गेली. वडील एका बोटाने कितीतरी वेळ लिहीत बसले. मला फार कुतूहल वाटत होतं, तरी मी खिडकीबाहेर बघत राहिलो.