गरम मुल्कातला कोको

आमच्या आळंदच्या घरात कोकोचा डबा आला तो अप्पांच्या खोकल्यामुळं. माझे वडील कोर्टाच्या कामासाठी हैदराबादला गेले आणि खोकत खोकत परत आले. तिथल्या एका दुकानदारानं छातीला ऊब येते म्हणून ही तपकिरी भुकटी त्यांच्या गळ्यात मारली होती. डब्यावरचं छापील इंग्रजी अप्पांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं कृती उर्दूत लिहून वर चिकटवून दिली होती.

उर्दू हा अप्पांचा प्रांत. घरात आम्ही मराठी आणि कानडी बोलायचो, पण अप्पांची शाळा निजामाच्या काळातली, सगळी उर्दूतली. कुणाचं खरेदीखत असो की नोटीस, गावातला कागद आधी आमच्या ओसरीवर यायचा. आता निजामाचं राज्य गेलं होतं, कचेरीत इंग्रजी शिरायला लागली होती, तरी रानांचे जुने कागद उर्दूतच होते. खोकला कितीही असो, कागद हातात आला की अप्पांचा आवाज खणखणीत व्हायचा. मला त्याचा फार अभिमान होता आणि तो मी शाळेत मिरवायचेही.

अप्पांनी डबा उजेडाकडं धरला आणि वाचलं, "गरम मुल्क में दो चमचे."

"म्हंजे?" अव्वानं, माझ्या आईनं, चुलीपासून विचारलं.

"गरम देशात दोन चमचे घ्यायचे. थंड देशात जास्त घेत असतील."

"आन् कशात घालायचं?"

"त्ये न्हाई लिहिलं. पाण्यात घाल की. आनी कशात?"

पहिल्या दिवशी नुसत्या पाण्यातला कोको पिऊन अप्पांचं तोंड असं झालं की मी पळत परसात गेले आणि पोटभर हसले. अव्वा हसली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी त्याला सरळ कषायाच्या रांगेत बसवलं. कषाय म्हणजे कानडी घरातला काढा. सुंठ ठेचली, चार मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, सगळं पाण्यात उकळायला टाकलं. पाण्याला रंग चढल्यावर गूळ घातला, किंचित मीठ घातलं. कोको तिनं पिठल्याच्या पिठासारखा वाटीत थोड्या पाण्यात कालवला, गुठळ्या मोडल्या आणि हळूहळू सोडला. शेवटी रवी घेऊन फेस येईपर्यंत घुसळलं. त्या वासानं शेजारीण भिंतीवरून डोकावली.

ते पेय घशाला जाळत जायचं आणि मग छातीत बराच वेळ ऊब राहायची. थंडीच्या सकाळी ओसरीवर कागद घेऊन येणाऱ्यांनाही कपभर मिळायला लागलं. अप्पांचा खोकला बसला. ते प्रत्येकाला डब्यावरचा कागद दाखवून गरम मुल्काचा हिशेब समजावून सांगायचे. नोकऱ्यांवरून मुल्की कोण आणि बाहेरचा कोण हा वाद पेटलेला, त्यामुळं मुल्क हा शब्द तेव्हा तसाही ज्याच्या त्याच्या तोंडी होता.

संक्रांतीच्या सुमाराला आत्याचा मुलगा आला. हैदराबादला कॉलेजात शिकत होता आणि ते कुणाला विसरू देत नव्हता. त्यानं डबा फिरवून इंग्रजी वाचलं, उर्दू वाचलं आणि भर ओसरीत खो खो हसत सुटला.

"मामा, मुल्क न्हवं, मिल्क! गरम दुधात दोन चमचे!"

उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, वाचणाऱ्यानं मनानं भरायचे असतात. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरं मुल्कचीही आणि मिल्कचीही. दुकानदारानं सरळ दूध लिहायचं सोडून इंग्रजी झाडली होती. यात अप्पांचं काय चुकलं? पण बसलेली माणसं हसली ती हसलीच. अप्पाही हसले, आणि समोरच्या म्हाताऱ्या धनगराच्या रानाचा कागद त्याला परत देत म्हणाले, "चष्मा बदलाय पायजे. दुसऱ्याकडनं वाचून घे."

चष्म्याला काहीही झालं नव्हतं. त्यानंतर आलेला प्रत्येक कागद परत जायला लागला. अप्पा ओसरी सोडून आतल्या खोलीत बसू लागले, जेवताना बोलेनासे झाले. मला त्या आतेभावाचा असा राग आला होता की त्याच्या पानात मी मुद्दाम करपलेली भाकरी वाढायचे.

मग एका सकाळी तो धनगर पुन्हा आला. अप्पांनी आतूनच नाही म्हणून सांगितलं. तो उठायला लागला तशी अव्वा मोठ्यानं म्हणाली, "बसा. कामून निघालाव? आज डब्यावर लिहिल्यापरमानं दुधात करायलेय, पिऊन जावा."

तिनं म्हशीचं सकाळचं सगळं दूध तपेल्यात ओतलं, सुंठ, मिरी, गूळ घातला आणि खाली जाळ वाढवला. कोको कालवायच्या आतच तपेल्यात चोथा वेगळा आणि पाणी वेगळं झालं. ते तसंच उचलून तिनं ओसरीवर आणून ठेवलं आणि अप्पांना बाहेर बोलावलं.

"बघा. लिहिणाऱ्याचंच चुकलंय. तुम्ही वाचलाव त्येच बरोबर हाय."

आतेभावानं तोंड उघडलं. अव्वानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसं त्यानं ते मिटलं.

अप्पांनी तपेल्याकडं बघितलं, मग अव्वाकडं. काय कळायचं ते त्यांना कळलं होतं, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खाली बसले, चष्मा उपरण्यानं पुसला आणि कागदासाठी धनगराकडं हात पुढं केला.

मी अव्वामागं स्वयंपाकघरात गेले. गूळ घालून दूध उकळू नये, नासतं, खीरसुद्धा उतरवून जरा निवली की मगच गूळ घालावा, हे मला तिनंच शिकवलं होतं. दूध नासवणं तर दूरच, आमच्याकडं साय सांडली तरी बोटानं पुसून खायची रीत.

"अव्वा, तुला तर म्हाईत हाय की, गूळ..."

"गप बस," ती म्हणाली. "ऐक. वाचायलेत."