गाडीवाट बंद होती

१९५६ साल, चैत्र वद्य पंचमी. उजाडताच मी अंगणातल्या खाटेवर धुतलेलं धोतर पसरून सरगुंडे, आमच्याकडच्या कणकेच्या नळीदार शेवया, वाळत घालायला बसले होते. आदल्या दुपारी काड्यांवर गुंडाळून केलेला तो ढीग ऊन तापायच्या आत पसरून व्हायला हवा होता. तेवढ्यात आक्का, माझी थोरली नणंद, आंघोळ करून, नारळाचं गाठोडं काखेत मारून पुढ्यात उभी राहिली.

"आज देवीले जाऊन यायचं. नाईतर मी नागपूरले येत नाई," ती म्हणाली.

आक्काचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्यावर पडदा धरला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला बोलावलं होतं. आणखी उशीर केलात तर हाही डोळा हातचा जाईल, असं बजावून. पण आक्काने जंगलातल्या देवीला पायी येईन असा नवस बोलला होता. आधी देवी, मग डॉक्टर. मी देवाच्या विरुद्ध कधीच नव्हते. फक्त आपले हातपाय धड आहेत तोवर त्याला कशाला कामाला लावायचं, असं मला वाटे. सरगुंडे शेजारणीच्या हवाली केले आणि पायात चपला घातल्या. तिसरी आमच्या गल्लीतली, देवीची वाट पाठ असलेली सखूबाई आली.

चांद्याच्या कोटाबाहेर पडून जुनोन्याच्या अंगाला वळलं की जंगल लागतं. गावातले लोक तिथे सरपणाला जातात, टेंभरं खायला जातात, नुसते फिरायलाही जातात. खरं सांगते, घरून निघताना माझ्या कपाळावर आठी होती, ती पहिल्या चढावरच गेली. पळस नुकता झडून वाटेवर लाल सडा पडला होता. मोहाच्या फुलांचा वास नाकात बसला होता. वानरं एका सागावरून दुसऱ्यावर झेपावत होती. पाय आपोआप भरभर पडू लागले. इतक्या वर्षांत मी इतकी मोकळी चालले नव्हते.

"अवं, देवी काई पळून नाई जात," आक्का मागून म्हणाली.

"पण ऊन येते ना धावत," मी म्हटलं आणि पुढे निघाले. सखूबाई तिच्या सोबत होती, म्हणून मला काळजी वाटली नाही.

पुढे वाघोबाचा फाटा लागतो. तिथे वाघ कोरलेला एक लाकडी खांब आहे. येणारा जाणारा त्याच्या पायाशी हिरवी डहाळी वाहतो. आमच्याकडे जंगलात आणखी एक रीत आहे. पुढे गेलेल्याने चुकीच्या वाटेवर डहाळी आडवी टाकायची, म्हणजे मागच्याला कळतं की ही वाट बंद. मी डावीकडच्या वाटेवर डहाळी टाकली, उजवीकडे वळले आणि देवळाजवळच्या वडाखाली त्या दोघींची वाट बघत बसले.

बऱ्याच वेळाने सखूबाई एकटीच आली.

"आक्का कुठी हाय?" मी विचारलं.

"म्हंजे? पोचली नाई? माह्या पायात काटा भरला, तर तीच म्हणली, तू काढ, मी हळूहळू होते पुढं."

ऊन डोक्यावर आलं होतं, आणि पाण्याचा तांब्या माझ्याजवळ होता. सखूबाईला वडाखाली बसवलं आणि मी उलट पावली पळत सुटले. फाट्यावर आले तर वाटेवर मी टाकलेली डहाळी नव्हती. वाघोबाच्या पायाशी मात्र सगळ्यात वर ताजी डहाळी होती. मी कपाळावर हात मारला. आक्काच्या पायाला डहाळी लागली असणार. देवाची खाली पडली समजून तिने ती भक्तिभावाने उचलून त्यालाच वाहिली असणार, आणि मोकळ्या झालेल्या वाटेने पुढे गेली असणार.

मी डावीकडे धावले. थोडं पुढे त्या वाटेलाही दोन तोंडं फुटली. एक सागाची लाकडं वाहणाऱ्या बैलगाड्यांची रुंद, सपाट वाट. दुसरी नाल्याकडे उतरणारी, बोरीच्या काट्यांतली बारीक पायवाट. मी झटकन हिशेब केला. ज्या बाईला धड दिसत नाही ती रुंद वाटच धरणार. माझं डोकं अशा वेळी बरं चालतं, आणि मला त्याचा अभिमानही होता. गाडीवाटेने मी "आक्का, आक्का" करत निघाले.

पहिल्याच वळणावर तो होता. वाटेच्या मधोमध, सावलीत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा पसरलेला. पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या घरच्या थोरल्याने, बाई, इकडे काम नाही तुझं, असं बघावं तसं. पळून जावंसं वाटत होतं, आणि तरी इतकं देखणं काही मी आयुष्यात पाहिलं नाही हेही त्याच क्षणी मनात आलं. मी पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे घेतलं. तो उठला नाही, गुरगुरला नाही.

वळणाआड आल्यावर मी पहिल्यांदा कुणाला तरी म्हटलं, "माह्यानं आता नाई होत. तूच पाह्य." कुणाला म्हटलं ते माहीत नाही. दुसरी वाटच उरली नव्हती म्हणून पायवाटेने खाली उतरले.

नाल्याच्या काठी जांभळीखाली एक घोडी बांधलेली होती. तिच्याशेजारी दाढी पिकलेला, बांगड्या विकणारा एक मनियार उकिडवा बसून आक्काला फडक्याने वारा घालत होता. आक्काचे ओठ सुकून फाटले होते, डोळे मिटलेले होते. पण ती बोलत होती, आणि काय बोलत होती तर, "कोणाचा लोटा हाय हा?"

"बाई, लोटा माहा हाय, पाणी नाल्याचं हाय," तो म्हणाला. "तुम्ही पाणी तेवढं प्या, लोटा माहा मले वापस द्या."

आक्का, जी सोवळ्याशिवाय कुणाच्या हातचं घेत नसे, घटाघटा प्यायली. त्याने वाळूत झिरा उकरून पाणी काढलं होतं. माझ्या तांब्यातलं उरलेलं पाणी मी तिच्या डोक्यावर थापलं.

"चाचा, तुम्ही इथी कसे?" मी विचारलं.

"माही वाट नाई ही, बाई. मी पोंभुर्ण्याच्या बाजाराले गाडीवाटेनं चाललो होतो. ही घोडी अडून बसली. मारलं तरी ऐकेना, इकडंच ओढत आणलं. पाहतो तं ह्या बाई पाणी पाणी करत इथी पडून. एकट्यानं घोडीवर चढवता येईना, सोडून जाता येईना. बसून राह्यलो, म्हटलं कोणी तरी येईन."

घोडी का अडली असेल ते मला ठाऊक होतं. मी त्याला वळणावरचं सांगितलं. त्याने घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग त्याने बांगड्यांचं ओझं उतरवून जांभळीच्या फांदीला टांगलं, बाजार सोडून दिला, आणि आम्ही दोघांनी मिळून आक्काला घोडीवर बसवलं. फाट्यावर येताच मी धावत जाऊन वडाखालून सखूबाईला घेऊन आले. गावात शिरताना आक्का घोडीवरून म्हणाली, "माह्या लग्नाच्या वरातीतबी घोडी नव्हती." मनियार इतका हसला की त्याला खोकला आला. घरी चहाला थांबा म्हटलं, तर बांगड्या झाडाला टांगल्या आहेत म्हणून उलट्या पावली गेला.

आक्काला ताप आला नाही. संध्याकाळी तिने भाताची पेज घेतली. मी मनात घाबरत होते की आता ही पुन्हा नवसाचं काढणार, पुन्हा उन्हात निघणार, आणि डॉक्टरांची वेळ टळणार. पण ती म्हणाली, "नवस फिटला माहा. देवी नाल्यावर आली, पाणी पाजून गेली. आता तू म्हणशीन तवा नागपूर."

ती शांत झोपली. मला मात्र झोप येईना. मी त्या दिवशीचा प्रत्येक निर्णय नीट विचार करून घेतला होता, आणि माझ्या मनासारखं झालं असतं तर मी गाडीवाटेने दूर निघून गेले असते. मनियाराच्या मनासारखं झालं असतं तर तोही गेला असता. आम्हा दोघांनाही कुणीतरी वाट बंद करून खाली पाठवलं. त्याला देव म्हणा, योगायोग म्हणा. मी वाद घालत नाही. एवढंच शिकले की आपलं चालणं आपल्याकडे आहे, वाट नेहमीच आपल्याकडे नसते, आणि ती बंद झाली की हट्ट न करता मागे फिरावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आक्काच्या गाठोड्यातला नारळ काढला, मोळ्या आणायला निघालेल्या बायकांच्या घोळक्यात सामील झाले आणि देवीपर्यंत चालत गेले. पुढे उभी राहिले तर मागायला काही आठवेना. हात जोडले, नारळ फोडला, खोबरं त्या बायकांना वाटलं, आणि ऊन चढायच्या आत घरी येऊन चूल पेटवली.