ड्युसेलडॉर्फला गमावलेला सरदार

कुलथे बाई नसत्या तर मी आज मेहकरच्या आठवडी बाजारात वडिलांशेजारी बसून स्टोव्ह दुरुस्त करत असतो. त्यात कमीपणा काहीच नाही. पण इतिहास शिकूनही माणूस पोट भरू शकतो, हे आमच्या घरी येऊन पटवून दिलं ते शाळेतल्या या बाईंनीच. म्हणून फ्रँकफर्ट ते ड्युसेलडॉर्फ या छोट्या प्रवासाची हकीकत त्यांच्या नावाने सुरू करतो.

माझ्या पीएच.डी.चा विषय आहे पंधराव्या शतकातला अल्बानियाचा एक लहानसा सरदार. डोंगरातले तीन किल्ले आणि थोडी गावं, एवढाच त्याचा मुलूख. किनाऱ्यावर व्हेनिसचं राज्य, आतल्या बाजूला तुर्की सुलतान. हा व्हेनिसकडून दरसाल पगार म्हणून कापडाचे गठ्ठे घेई, सुलतानाकडे मुलाला ओलीस ठेवी, आणि तरीही त्याचा एकेक किल्ला जातच राही. दोन वर्षं मी या माणसाच्या संगतीत आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या गटात व्लोरा आली. तिचे आईवडील त्याच डोंगरातले, ती वाढली ड्युसेलडॉर्फला. तिनेही माझाच सरदार निवडला. वसंतात अल्बानियाला दोघांपैकी एकालाच पाठवणार होते. ड्युसेलडॉर्फच्या चर्चासत्रात दोघांना ऐकून आमच्या प्रोफेसर बाई ते ठरवणार होत्या.

फ्रँकफर्टला गाडी आली तीच उलटी. 'वागेनराइउंग' (डब्यांचा क्रम) बदलल्याची घोषणा मला उशिरा कळली आणि बॅग सांभाळत मी अख्खा फलाट पळालो. शेजारच्या जर्मन आजींनी मला दम घेऊ दिला, मग चौकशी सुरू केली.

"भारतातून येऊन, जर्मनीत बसून, अल्बानियाचा अभ्यास?"

"हो."

"आल्झो... म्हणजे, जवळचा रस्ता नव्हता का?"

मी हसलो. पण व्लोराला हा प्रश्न कुणी विचारणार नाही, हे कोलोनला ऱ्हाइन ओलांडेपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

स्टेशनवर व्लोरा वडिलांना घेऊन आली होती. त्यांनी मला मिठीच मारली आणि नदीकाठच्या कुरणावर नेलं. शहराच्या मधोमध मेंढ्या चरत होत्या. बाकावर बसून त्यांनी डबा उघडला. आत बुरेक (पालक आणि चीज भरलेली, पातळ पदरांची भाजलेली पोळी) होतं.

"खा. उपाशीपोटी भाषण चांगलं होत नाही."

"पप्पा, त्याला जास्त खायला घालू नका," व्लोरा म्हणाली. "झोपला तर मी फुकट जिंकेन!"

मी तिसरा तुकडा घेतला. अतिशय चवदार होता, त्यामुळे आणखीच वाईट वाटलं. सरदाराच्या मुलखातलं जेवण मी तळटीपांत वाचलं होतं. हिला ते आईच्या हातचं मिळत होतं.

चर्चासत्रात आधी मी बोललो. एका जुन्या जर्मन प्रवाशाने लिहून ठेवलंय की सरदार जिथे मारला गेला तिथे दगडांचा ढीग आहे आणि येणारा-जाणारा त्यावर दगड टाकतो. आमच्याकडे घाटात वाटसरू अशाच ढिगावर दगड ठेवतो, हात जोडतो आणि पुढे जातो. त्यावरून मी ठामपणे सांगितलं, की मुलूख गेला तरी लोकांची श्रद्धा राहिली.

व्लोराने हात वर केला. "ठेवत नाहीत, फेकतात. वर थुंकतात. लहानपणी आजोबांनी माझ्याही हातात दगड दिला होता. आमच्याकडे त्याला गद्दार म्हणतात."

माझे कान तापले.

"मग तू त्याचा अभ्यास कशाला करतेस?" मी विचारलं.

"म्हणूनच!"

कसंबसं सावरून मी सांगितलं, की आमचे देशमुखही वतन टिकवायला एकाच वेळी दोन बादशहांशी संधान बांधून असत. दोन बलाढ्यांच्या मध्ये घर असलेल्या माणसाला गद्दार म्हणणं सोपं असतं. यावर लोकांनी बाकं ठोकली. टाळ्यांऐवजी इथे तशीच रीत आहे.

बाहेर कॉफी घेताना प्रोफेसर बाई म्हणाल्या, "तुझ्या प्रबंधात दोन धन्यांचं प्रकरण तू लिही. अल्बानियाला मात्र ती जाईल."

"ढीग तर मीही बघू शकतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर, तू बघशील. पण तिला लोक सांगतील."

परतीच्या गाडीत डबे सरळ होते, जागाही खिडकीची मिळाली. बाहेर बघायचं मन नव्हतं. फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या माझ्या खोलीवर पोचल्यावर कुलथे बाईंना पत्र लिहिलं:

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

अल्बानियाला मी जाणार नाही, व्लोरा जाणार आहे. प्रकरण मलाच लिहायचंय, म्हणजे काम सुटलेलं नाही. पण तुमच्यापासून काय लपवू, फार जळफळाट होतोय. तिने त्याला गद्दार म्हटलं याचा राग नाही. तिच्या घरचे त्याच्यावर पिढ्यानपिढ्या रागावलेले आहेत, रक्ताच्या माणसावर रागवावं तसे. मी दोन वर्षं त्याची बाजू घेतोय, पण मी त्याचा कुणी लागत नाही.

निघताना मीच तिला म्हणालो, ढिगाचे चारी बाजूंनी फोटो काढ. ती म्हणाली, "तुझ्या वतीने एक दगड टाकू का?"

मी नको म्हणालो. तिचा तिने टाकावा. माझा मी स्वतः जाऊन ठेवीन.

तुमचा विद्यार्थी,
दत्ता