इंजिनाचं गाऱ्हाणं

वादळ ओसरल्यावर दिरांची होडी खडकांत सापडली. म्हणजे पुढची अर्धी सापडली. मागची अर्धी समुद्राने ठेवून घेतली. होडीचा विमा होता. हप्ते वेळेवर गेले होते, कारण आमच्या घरात जाळी दिरांकडे, देव सासूबाईंकडे आणि कागदपत्रं माझ्याकडे, अशी वाटणी आहे. विम्याचे पैसे आले तर नवी होडी होणार होती. नाही आले तर दीर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणार होते, आणि हे त्यांना जेवताना आठवलं की ते अर्ध्या ताटावरून उठत.

मी दाव्याचा फॉर्म भरायला घेतला. दीर शेजारी बसून सांगू लागले. होडी, जाळी, दोर, नांगर. मग अगदी सहज म्हणाले, "आणि इंजिन."

इंजिन आमच्या पडवीत होतं. वादळाच्या आधीच बिघडलं म्हणून काढून आणलेलं. त्याच्यावर जुनी चादर घालून सासूबाईंनी कोकमाची सोलं वाळत टाकली होती.

"भावोजी, इंजिन पडवीत आहे."

"म्हायत आसा माका. पण होडयेर आसता तर गेलाच आसता."

"असतं तर."

"वैनी, तुमी बाजारात सुरमय घेतास, तेवा ती बाई भाव कसो सांगता? वाढवून. मगे तुमी कापतास. कंपनी पण कापतलीच. तिका कापूक कायतरी नको?"

मी पॉलिसी काढून वाचून दाखवली. विम्याचा करार बाजारासारखा नसतो. आपल्या होडीवर काय होतं, काय नव्हतं, हे आपल्यालाच ठाऊक. कंपनी पूर्ण अंधारात. म्हणून कायदा पूर्ण सद्भाव मागतो. दाव्यात एक गोष्ट खोटी निघाली तर तेवढीच वजा होत नाही, सगळा दावाच बुडतो. खऱ्या होडीसकट.

"सगळो?" दिरांनी विचारलं. "कापणत नाय? सरळ सगळो?"

"सगळा."

"मगे तेंका धंदो करूक येयत नाय," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, इंजिनाची ओळ स्वतः भरली आणि खाली सही ठोकली.

विमा कंपनीचे साहेब होडीच्या पाहणीला येणार, त्या दिवसासाठी मी यादी केली होती. मूळ कागदपत्रं, पिशवीत. साहेबांना बसायला खुर्ची. शहाळी. कोरा फॉर्म, जादा. गाऱ्हाणं यादीत नव्हतं.

ते सासूबाईंनी ठरवलं होतं. साहेब घाटावरून आले, बुटांतली वाळू झाडून फुटक्या होडीपाशी उभे राहिले, तर तिथे अर्धी वाडी हात जोडून उभी. मधोमध नारळ घेऊन आमचे चुलत सासरे, म्हणजे दिरांचे काका. गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते एकेक वाक्य देवाला सांगतात आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही.

"हात जोडा सायबानू," सासूबाई म्हणाल्या. साहेबांनी बॅग खाली ठेवून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराची होडी वादळान फोडल्यान."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पोटाक दुसरा साधन नाय."

"व्हय म्हाराजा!" आता साहेबांचा आवाजही मिसळला. लय पकडली की राहवत नाही.

"विम्याचो सायब घाटावरसून इलो आसा. तेका सुबुद्धी दी."

"व्हय म्हाराजा!" साहेब म्हणाले, सगळ्यांत मोठ्याने.

"आणि ह्या लेकरान पडवेतला इंजिन समुद्रात गेला म्हणान लिवल्यान आसा, ता सायबाच्या नजरेक पडा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली. साहेबही म्हणाले. मीसुद्धा म्हणाले, कारण सवय.

मग काकांनी नारळ फोडला.

दीर काकांच्या कानाशी गेले. "काका, कित्याक सांगितलास?"

"देवाक अर्धवट कसा सांगतलंय? खरा काय ता तूच माका सकाळी सांगितलंस."

"पण सायब बाजूक उभो!"

"गाऱ्हाणा देवाक घातलंय, सायबाक नाय. तेणा कित्याक आयकाचा?"

साहेबांना मालवणी येत नव्हती, पण 'इंजिन' आणि 'पडवी' कळायला मालवणी लागत नाही. त्यांनी बॅग उचलली. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, दाव्याचा फॉर्म अजून तुम्ही मला दिलेला नाही."

"नाही."

"द्यायच्या आधी एकदा नीट वाचून घ्या. माझ्या हातात आला की लिहिलं ते लिहिलं." आणि ते फुटक्या फळीचे फोटो काढायला लागले. एकाच फळीचे, एकाच बाजूने, पुन्हा पुन्हा.

मी पिशवीतला कोरा फॉर्म काढला, होडीच्या काठावर ठेवला आणि होडी, जाळी, दोर, नांगर भरून पेन दिरांपुढे धरलं. ते जागचे हलेनात.

"इंजिन काढलाव तर तेंका कापूक काय रवला?"

"सई कर रे," काका म्हणाले. "माका परत नारळ फोडूक लावू नको."

दिरांनी सही केली. जुना फॉर्म मी तिथेच फाडून पिशवीत टाकला. साहेबांचे फोटो बरोबर त्याच वेळी संपले.

दावा मंजूर झाला. होडी जुनी म्हणून कंपनीने थोडा घसारा वजा केला होता. ते पत्र घेऊन दीर स्वयंपाकघरात आले, भलतेच खूश. "बघा! कापल्यानीच! माका ठावक होता!"

काकांचं मत वेगळं. त्यांनी देवाकडे इंजिन साहेबांच्या नजरेला पडू नये असं मागितलं होतं. साहेब पडवीत आलेच नाहीत, इंजिन त्यांनी पाहिलं नाही. यात न मिळालेलं काय आहे?

नवी होडी पाण्यात घालायच्या दिवशी परत गाऱ्हाणं झालं. इंजिन पडवीतून आणून बसवलं होतं. त्याला सोलांचा वास येत होता. "ह्या इंजिन खंय होता ता तुका म्हायत आसा," काकांनी देवाला सांगितलं, "आता ता चालू कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दिरांनी इंजिनाची दोरी ओढली. पुन्हा ओढली. घामाघूम होईपर्यंत ओढली. मग सगळ्यांनी मिळून इंजिन उतरवलं आणि पुन्हा पडवीत नेऊन ठेवलं.

मी घरी येऊन यादीत लिहिलं: मेकॅनिकला फोन. पान उलटायच्या आत सासूबाईंनी इंजिनावर चादर घातली होती.