गुरुवारचं दार

माझी मावशी तीस वर्षं चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवत होती. दरवर्षी ती मुलांकडून एक चिठ्ठी लिहून घ्यायची: मला कोणासारखं व्हायचंय? नाव बायबलमधलं किंवा चर्चमधलं असलं तर शाबासकी, बाहेरचं असलं तर लाल पेन्सिलीची काट. सात वर्षांची असताना मी माझ्या बाबांचं नाव लिहिलं. बाबा चर्चची पायरी चढत नसत. मावशीने सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचं नावही खोडलं. माणूस सोन्यासारखा आहे, पण विश्वासी नाही, म्हणाली. तो राग अजून माझ्या पोटात आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पुढे काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अर्धांगवायू झाला. काका सहा फुटी, मावशी मूठभर. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठ सडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चर्चची माणसं यायची, डोळे पुसायची, चहा पिऊन जायची. हात लावला तो वरच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांनी. ते घरीच घड्याळं दुरुस्त करत आणि देव नाही असं चारचौघांत सांगत. मावशी एरवी त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. आता ते दर दोन तासांनी जिना उतरत, काकांना वळवत, घाण काढत, पाठ कोरडी करत आणि पुन्हा कामाला बसत. चार महिन्यांत एकही पाळी चुकली नाही. काकांच्या पाठीवर साधा चट्टाही नव्हता.

मग तो गुरुवार आला. चर्चच्या पाळकसाहेबांनी मावशीच्या घरी प्रार्थनासभा ठेवली होती, वीस माणसं दाटीवाटीने बसली होती. चार वाजता दार वाजलं. मावशीने ते बोटभर उघडलं. बाहेर घड्याळवाले.

"आज नको. प्रार्थना चाललीय."

"आणि कूस?"

"आम्ही बघू."

पाळकांसमोर नवऱ्याचं अंग नास्तिकाच्या हाती द्यायची तिला लाज वाटली. सभा लांबली, मग देवाच्या अनुभवांच्या साक्षी झाल्या, मग चहा. प्रार्थना मोडून उठायचं कसं, म्हणून कोणी उठलं नाही. काका दोनपासून आठपर्यंत एकाच कुशीवर, ओल्या चादरीत पडून होते. त्या विसांत मीही होते.

सभा पांगल्यावर, आठ वाजता घड्याळवाले आले. पाठीवरचा लाल चट्टा बघून त्यांचा चेहरा उतरला. ते ओली चादर काढू लागले.

"ओरडा तरी माझ्यावर," मावशी म्हणाली.

"पाणी गरम करा," ते म्हणाले.

चट्ट्याची जखम झाली, जखमेचा ताप झाला. विष रक्तात गेलंय, आता हाती काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. मावशी पलंगाशी गुडघे टेकायची आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. एकदा माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "मी मागितलेलं माणूस देवाने दारात उभं केलं होतं गं. मी दार लावून घेतलं." मला तिचा राग यायला हवा होता. मला रडू आलं.

पुढच्या गुरुवारी पाळकसाहेब पुन्हा आले. प्रार्थना रंगात आली असताना चारला दार वाजलं. मावशी तशीच उठली. सगळ्यांचे डोळे उघडले. तिने दार सताड उघडलं.

"पाळकसाहेब, जरा सरका," ती म्हणाली. "यांच्याकडून शिकायचंय मला."

पाळकसाहेब भिंतीला टेकले. घड्याळवाल्यांनी खांदा धरला, मावशीने कंबर. काकांना वळवलं. घड्याळवाल्यांनी नाडी बघायला काकांचं मनगट हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि मावशीकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

तरीही मावशीने त्यांनी शिकवल्याप्रमाणे चादर ताणली, एकेक सुरकुती काढली. मग मला विचारलं, "तुझ्या बाबांच्या नावाची ती चिठ्ठी असेल का गं कुठे?"

काट बसली त्याच दिवशी मी ती फाडून टाकली होती. मी तिला तसं सांगितलं.