हिलाल आबांचा कुरडयांचा जॅक

हिलाल आबांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली आणि त्या बत्तीस वर्षांत एकही होळी घरी बघितली नाही. सण आला की जादा गाड्या सुटतात, आणि जादा गाडी म्हटली की धुळे आगारात पहिलं नाव हिलाल सोनवणेंचं निघायचं. बाकीचे ड्रायव्हर काही ना काही सबब काढत. आबांना सबब जमत नसे. लोक पोळ्या खायला गावी निघालेत, त्यांना कोणीतरी पोचवायलाच हवं, एवढाच त्यांचा हिशेब. स्वतःची पोळी ते चोपड्याच्या स्टँडवर, स्टिअरिंगमागे बसून, डब्यातली गारढोण खात.

जानेवारीअखेर ते निवृत्त झाले. आगारात शाल-नारळ झाला, दोन भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून देवपुरातल्या घरी आबा आणि त्यांची बायको भिकुबाई अशी दोघंच उरली. मुलगी सोनल लग्न होऊन शिरपूरकडे गेलेली.

पहिला महिना भिकुबाईंना फार जड गेला. आबा गाडी तपासावी तसं घर तपासायचे. कुकरच्या शिट्या मोजायचे. दूधवाला सात मिनिटं उशिरा आला तर दारातच त्याला कारण विचारायचे. भाजी चिरताना मागे उभं राहून "हां, हां, घे अजून घे, जागा आहे" असं रिव्हर्स घेणाऱ्या गाडीला सांगावं तसं सांगायचे. शेवटी एक दिवस भिकुबाईंनी विळी बाजूला सारली.

"सोनलना बाप, हाई घर शे, स्टँड नही," त्या म्हणाल्या. "अंगणमा बसा."

आबा निमूटपणे मागच्या अंगणात जाऊन बसले. तिथे कडुनिंबाला मोहर आला होता. बारीक पांढरी फुलं सदऱ्यावर पडत होती आणि सगळ्या अंगणभर कडवट-गोड वास भरला होता. आबा वर बघत राहिले. हे झाड त्यांनीच लावलेलं, सोनल जन्मली त्या वर्षी. त्याला फुलं येतात, हे त्यांना आज कळत होतं.

होळीच्या दिवशी भिकुबाईंनी चुलीवर मातीचं खापर पालथं घातलं, हातावर परातीएवढी पोळी फिरवून वाढवली आणि खापरावर टाकली. पहिली पोळी आबांच्या ताटात पडली. त्यांनी सवयीनं मोठा घास तोडला आणि तोंडात घातल्याबरोबर उडालेच.

"पोळलं!"

"मंग, पोळणारच ना!" भिकुबाई हसता हसता मागे सरकल्या. "तुम्हले गरम पोळी माहीतच कुठे शे!"

आबा त्या दिवशी साडेतीन पोळ्या जेवले.

होळी झाली, उन्हं तापली आणि गल्लीत वाळवणाचे दिवस आले. भिकुबाईंनी गहू भिजत घातले. तीन दिवसांनी ते वाटून, गाळून, चीक काढून चुलीवर शिजवला. पहिली वाटी तूप-साखर घालून आबांना दिली. आबा वाटी चाटूनपुसून खात बसले आणि भिकुबाई अंगणात खाटेवर जुनं लुगडं अंथरून कुरडया घालायला लागल्या. सोऱ्यात गरम चीक भरायचा आणि दोन्ही हातांनी, अंगातलं सगळं बळ लावून दाबायचा. आबांच्या तेव्हा लक्षात आलं, की तिनं उजव्या मनगटाला फडकं घट्ट आवळून बांधलंय.

"हे काय?"

"दुखस. मागल्या सालपासून."

"मग कुरडया कशाला करायच्या? विकत आणू."

भिकुबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की आबांनी वाटी खाली ठेवली आणि सोऱ्या स्वतःच्या हातात घेतला. जुन्या गाड्यांची अवजड स्टिअरिंगं फिरवलेले हात ते. पण अठराव्या कुरडईला त्यांचे दंड भरून आले. आबा घाम पुसत सोऱ्याकडे एकटक बघत राहिले. बंद पडलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये बघावं तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते भंगार बाजारात गेले आणि जीपचा जुना जॅक घेऊन आले, हँडल फिरवून वर-खाली होणारा. घरातलं एक लोखंडी स्टूल त्यांनी न विचारता उचललं आणि दोन्ही घेऊन समाधानकडे गेले. समाधान पूर्वी आगाराच्या वर्कशॉपमध्ये होता, आता कोपऱ्यावर वेल्डिंगचं दुकान चालवायचा.

"जॅक उलटा बसवायचा," आबा म्हणाले. "खाली सोऱ्या. हँडल फिरवलं की जॅक सोऱ्याचा दट्ट्या खाली दाबणार."

समाधानला हसू आवरेना. "आबा, आयुष्यभर टायर बदलले, आता कुरडया?"

"तू वेल्डिंग कर."

दोन दिवस खटपट चालली. स्टुलाला मध्ये भोक पाडलं, वर पट्ट्यांची कमान उभी केली, सोऱ्या बसेल असं कडं जोडलं. तिसऱ्या दिवशी यंत्र अंगणात आलं. शेजारच्या धान्य दुकानदाराची बायको सूरजबाई आपल्या गच्चीच्या कठड्यावरून मजा बघायला उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे आणखी तिघी.

भिकुबाईंनी चीक भरला. आबांनी हँडल धरलं आणि गरागरा फिरवलं. काहीच खाली येईना. त्यांनी आणखी जोर लावला. कट्ट असा आवाज झाला, सोऱ्याची चकती निखळली आणि सगळा चीक एका गोळ्यानं आबांच्या चपलेवर पडला. आबा एका पायावर नाचायला लागले. गच्चीवर खसखस पिकली.

"आबा, ही कुरडई कोणत्या गावाची?" सूरजबाई वरून ओरडल्या.

आबांचे कान लाल झाले. भिकुबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गोळा बोटानं चेपून बघितला, चकती उचलून उन्हात धरली.

"चीक निवना," त्या म्हणाल्या. "आणि भोकमा कोंडा अडकना. तुम्ही हाई घाट चढी ऱ्हायनात. पहिला गिअर टाका. हळू."

आबांनी चपला धुतल्या. समाधाननं येऊन चकतीच्या कडेखाली धरून ठेवणारी आणखी एक पट्टी मारली. भिकुबाईंनी चीक पुन्हा फडक्यातून गाळून शिजवला आणि वाफाळता सोऱ्यात भरला. या वेळी आबांनी हँडल असं फिरवलं, जणू गाडीत भरून माणसं आहेत आणि शेजारी दरी आहे. थोडं. थांबून थोडं. आणि चकतीच्या भोकांतून पांढरेशुभ्र धागे एकसारखे खाली उतरायला लागले. भिकुबाईंनी खाली ओली ताटली धरली, दोन वेढे फिरवली, आणि जाळीदार, गोल गरगरीत कुरडई लुगड्यावर अलगद उतरवली.

"व्हयनी!" त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. "सोनलना बाप, व्हयनी!"

अर्ध्या तासात खाट भरली. मनगटाचं फडकं त्यांनी कधीच सोडून टाकलं होतं. आणि सर्वांत आधी जिना उतरून, स्वतःचं चिकाचं पातेलं फडक्यात धरून, कोण आलं असेल? सूरजबाई!

मग काय, चैत्रभर आबांचं अंगण म्हणजे गल्लीचा कारखाना झाला. सकाळी आठला बायका पातेली घेऊन रांगेत. आबा स्टुलाशी. कोणाचा चीक पातळ, कोणाचा करपलेला, हे ते आता वासावरून सांगायचे. उन्हं वर आली की झाडाखाली कैरीचं पन्हं फिरायचं, कोणी ओल्या कुरडईचा तुकडा आबांच्या हातावर ठेवायचं. एकीनं विचारलं, "आबा, शेवया पण होतील का?" तशी आबांनी समाधानकडून बारीक भोकांची चकती करून घेतली.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली आणि सोनल माहेरी आली. तिच्या लहानपणी आखाजीचा झोका शेजारचे कोणीतरी काका बांधून द्यायचे. या वर्षी ती अंगणात पाय ठेवते तर बाप कडुनिंबावर चढलेला, आणि आई खालून ओरडतेय.

"सोनलना बाप, उतरा! पडशात!"

"बाजूला हो. गाठ मारतोय."

जाड दोर, खाली पाट, पाटावर उशी. आबांनी आधी स्वतः बसून दोर जोखला. मग सोनलला बसवलं आणि पाठीवर हात ठेवून पहिला झोका दिला. झोका वर गेला तशी चौतीस वर्षांची सोनल किंचाळली आणि मग हसतच सुटली. गल्लीतल्या माहेरवाशिणी जमल्या. गौराईची गाणी सुरू झाली.

"माय, तू बस," सोनल म्हणाली.

"मी? म्हातारपणमा?" भिकुबाई मागे सरल्या. पण सोनलनं आणि आणखी एकीनं धरून त्यांना पाटावर बसवलंच. आबांनी दोर हाती घेतला. पहिल्या झोक्याला भिकुबाईंनी डोळे गच्च मिटले. दुसऱ्याला उघडले. तिसऱ्याला त्यांनी गाणं उचललं, मोठ्यानं, सगळ्यांच्या वर आवाज चढवून. इतकी वर्षं एका घरात राहूनही, ती गाते, आणि अशी गाते, हे आबांना ठाऊक नव्हतं.

"अजून जोरात देऊ?" त्यांनी विचारलं.

"द्या ना!" भिकुबाई वरून म्हणाल्या, आणि पुढचं कडवं सुरू केलं.