दारावरची पाटी आणि माझी झोप

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

आमच्या बिबवेवाडीच्या घराच्या दारावर मीच हौसेनं पाटी लावलीय: ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. आम्ही झोपतो.’ आज जेवून किराणा मागवला, फोन सायलेंटवर टाकला आणि चक्क झोपले.

चारला उठून दार उघडलं, तर डिलिव्हरीवाले काका पिशव्या घेऊन जिन्यात बसलेले.

“अहो, बेल का नाही वाजवलीत?”

“पाटी वाचली, ताई. फोन उचलला नाहीत. बेल वाजवली किंवा पिशव्या दारात टाकून गेलो आणि तुम्ही तक्रार केली तर काम जातं. बाकीच्या ऑर्डरी गेल्या, पण रात्री जास्त गाडी चालवून भरून काढीन. पेट्रोल, घरभाडं, सगळंच वाढलंय ना.”

जाताना म्हणाले, “झोप झाली ना नीट?”

पुण्यात हा टोमणा असतो. त्यांनी मनापासून विचारलं होतं.

पाटी काढलीय. तुमच्या दारावर काय लिहिलंय?